अठराव्या वर्षानंतर : सिकलसेलग्रस्त तरुणांच्या उपचारखर्चाची सोय

आमच्या वार्षिक अहवालात ताळेबंदापूर्वी एखाद्या आरोग्यविषयक प्रश्नाची माहिती देणारा लेख छापण्याचा प्रघात आहे. बहुधा तो आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांपैकी कोणीतरी लिहितात. यंदाचा विषय जितका वैद्यकाचा तितकाच कागदपत्रांचा व जमाखर्चाचा असल्याने तो प्रशासन विभागाने लिहावा, असे विश्वस्त मंडळाने सुचविले. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा या लेखात रोगाविषयी जे आले आहे ते डॉक्टरांना विचारून, आणि योजनांविषयी जे आले आहे ते नोंदणीच्या खिडकीवर वर्षानुवर्षे पाहून लिहिले आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एक मुलगा आमच्या बालरोग विभागात नियमित येत असे. सिकलसेलचे निदान शाळेतील तपासणीत झालेले. वडील धानाच्या बांधीत मजुरी करणारे. दर महिन्याला गोळ्या, अधूनमधून रक्त तपासणी, वर्षातून एकदोनदा वेदनेच्या झटक्यासाठी भरती, असा त्याचा क्रम होता. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर तो आला तेव्हा आमच्याच खिडकीवर त्याला सांगण्यात आले, की आता बालकांच्या योजनेत तुझी नोंद होणार नाही. सांगितले ते खरेच होते. पण पुढे कोणत्या योजनेत नोंद होईल, त्यासाठी काय आणावे लागेल, हे कोणी सांगितले नाही. मोफत उपचार संपले, असा अर्थ घेऊन मुलगा परत गेला. तीन वर्षांनी तो पुन्हा आला तो लंगडत. रक्तपुरवठा बंद पडून उजव्या खुब्याच्या सांध्याचे हाड झिजले होते. सोबत आलेल्या वडिलांनी आम्हांला जो प्रश्न केला तो त्यांच्याच शब्दांत देतो : "पोराले अठरा लागले, तं बिमारी संपली का जी?"

या प्रश्नाचे उत्तर देणे आमचे कर्तव्य होते आणि ते आम्ही वेळेवर दिले नाही. प्रस्तुत लेख त्या उत्तराचाच प्रयत्न आहे.

आजार आणि आपला प्रदेश

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. लाल रक्तपेशीतील हिमोग्लोबिनच्या रचनेत दोष असल्याने प्राणवायू कमी पडला की ती पेशी गोल न राहता विळ्याच्या आकाराची होते, ताठरते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जेथे अडकते तेथे तीव्र वेदना होतात आणि तो अवयव हळूहळू निकामी होत जातो. अशा पेशी लवकर नष्ट होत असल्याने रक्तही कमी राहते. आई व वडील या दोघांकडूनही दोष आला तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक असते व सहसा त्याला काही त्रास होत नाही. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक इतकी असते.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील नोंद डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध केली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सलग पट्टा या आजाराचा, हे तेव्हापासून ज्ञात आहे. आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत प्रमाण अधिक असले तरी आमच्या नोंदवहीत इतर मागासवर्गीय घरांतील मुलेही आहेत. हा अमुक एका समाजाचा आजार, ही समजूत निदानाला उशीर लावते, म्हणून हा उल्लेख केला.

पूर्वी यातील पुष्कळ मुले लहानपणीच जंतुसंसर्गाने वा तीव्र रक्तक्षयाने दगावत. अठरा वर्षांनंतर काय, हा प्रश्नच तेव्हा फारसा उद्भवत नसे. आज तो उद्भवतो, ही मुळात चांगली बातमी आहे. लसीकरण, वेळेवर निदान व हायड्रॉक्सियुरिया हे औषध यांमुळे मुले मोठी होत आहेत. या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात हे अमेरिकेत १९९५ मध्ये प्रौढ रुग्णांवरील अभ्यासाने दाखविले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडील मुलांना कमी मात्रेत तेच औषध देऊन झटके, भरती व रक्त चढविण्याची गरज घटते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. साठ किलोमीटरवर झालेले हे काम आपल्या जिल्ह्यातील किती पालकांना माहीत आहे, कोण जाणे!

मात्र औषध चालू राहिले तरच उपयोग. आणि वय वाढते तसा आजाराचा कल बदलतो. खुब्याचा सांधा, मूत्रपिंड, फुप्फुसे, डोळ्यांचा पडदा, घोट्याजवळील न भरणाऱ्या जखमा, स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपण, ही सारी दुखणी तरुण वयात पुढे येतात. म्हणजे खर्च वाढण्याचा काळ आणि बालकांच्या योजना संपण्याचा काळ नेमका एकच.

अठरापर्यंतचे छत्र

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शासकीय, अनुदानित शाळांत तपासणी करणे, दोष आढळल्यास पुढील उपचारासाठी पाठविणे, हे त्याचे स्वरूप. तपासणीचे पथक शाळेत येते. मुलाला कोठे जावे लागत नाही. या शब्दांवर भर देण्याचे कारण असे, की अठरापर्यंत योजना मुलाला शोधत येते आणि अठरानंतर मुलाने योजनेला शोधत जावयाचे असते. सारा फरक येथे आहे. शाळा सुटली की मास्तर सुटतात, पथक सुटते, वर्गातील यादीतले नाव सुटते. गावातील आशाताई तेवढ्या उरतात आणि त्यांच्यावर आधीच कामाचा भार किती आहे हे आम्ही जाणतो.

अठरानंतर काहीच नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. अठराची अट तेथे नाही. शासकीय रक्तकेंद्रांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनामूल्य मिळते, मग वय काहीही असो. राज्य परिवहनाच्या साध्या गाडीत सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. पवनीहून वा तुमसरहून दरमहा येणाऱ्याला ही सवलत लहान नव्हे. अडचण अशी, की या साऱ्या सोयी वेगवेगळ्या कार्यालयांच्या, वेगवेगळ्या दाखल्यांच्या. त्या एकत्र बांधून हातात देणारा कोणी नसतो.

शिधापत्रिका हाच विमा

भरती होऊन उपचार घेण्याचा मोठा खर्च भागविणारी मुख्य योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. भंडाऱ्यासह उर्वरित महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१३ पासून आली. २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली व पुढे दोन्ही एकत्रितपणे राबविल्या जाऊ लागल्या. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षणाची रक्कम प्रति कुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपये करण्यात आली आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही योजनेत घेण्याचे ठरले.

या योजनेत वयाची अट नाही. आजार आधीपासून असला तरी चालतो. खाजगी विमा कंपनीकडे हीच मुले गेली तर जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाल असतो. २०२४ मध्ये विमा नियामकाने तो जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला खरा, पण जन्मजात रक्तविकार सांगितल्यावर अर्जच नाकारला गेल्याचे पालक सांगतात. त्या तुलनेत शासकीय योजना कितीतरी उदार आहे. मग आमचा मुलगा तीन वर्षे घरी का बसला?

उत्तर शिधापत्रिकेत आहे. योजना व्यक्तीची नसून कुटुंबाची आहे आणि कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरील नावे. ज्याचे नाव शिधापत्रिकेवर, ऑनलाइन नोंदीत व आधारवर सारखे, तो लाभार्थी. लहानपणी मुलाचे नाव 'बाळू' म्हणून शिधापत्रिकेत चढलेले असते, शाळेच्या दाखल्यावर दुसरे असते, आधारवर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच असते. बालकांच्या तपासणीत हे चालून जाते. प्रौढांच्या भरतीत संगणक ते चालवून घेत नाही. आधारमध्ये मुलाच्या बोटांचे ठसे वयाच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. पंधराव्या वर्षीचे राहून गेले, तर ऐन झटक्याच्या रात्री खिडकीवर ठसा जुळत नाही आणि मूल वेदनेने विव्हळत असताना बाप ओळखीच्या पुराव्यासाठी धावपळ करीत असतो. असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. अशा वेळी आमचे धोरण आधी भरती, मग कागद असे आहे. परंतु सर्वत्र तसे होईलच, असे गृहीत धरू नये.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट. लग्न ठरले की माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी करून घेतात, कारण त्या दाखल्याशिवाय सासरी नाव चढत नाही. सासरी ते चढायला किती दिवस लागतील हे तहसील कार्यालयातील गर्दी, सासरच्यांची तत्परता आणि बऱ्याचदा त्यांची इच्छा यांवर अवलंबून. मधल्या काळात ती मुलगी कोणत्याच कुटुंबात नसते. आमच्याकडे अशीच एक मुलगी सातव्या महिन्यात तीव्र झटका व रक्तक्षय घेऊन दाखल झाली. लहानपणी ती आमच्याच बालरोग विभागाची रुग्ण होती. गर्भारपणात हायड्रॉक्सियुरिया बंद करावे लागते, ते तिने केले होते. मात्र त्याऐवजी जी नियमित देखरेख हवी होती ती मिळाली नव्हती, कारण आजार सासरी सांगितलाच नव्हता. माहेरच्या पत्रिकेत नाव नव्हते, सासरच्या पत्रिकेत चढले नव्हते. रक्त शासकीय रक्तकेंद्रातून आले, उर्वरित खर्च आमच्या निर्धन रुग्ण निधीतून झाला. बाळ कमी वजनाचे झाले, पण मायलेकरे घरी गेली. सासूबाई शेवटच्या दिवशी आमच्या परिचारिकेला म्हणाल्या, "आमाले आदीच सांगतलं असतं तं आमी काय टाकून देलो असतो का तिले?" त्या खरे बोलत होत्या, असा आमचा विश्वास आहे. मुलीच्या आईचे भयही खोटे नव्हते.

तेव्हा मुलीच्या लग्नाची तारीख ठरताच शिधापत्रिकेचा अर्ज दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात करावा. लग्नापूर्वी भावी पतीची सिकलसेल तपासणी करून घ्यावी, हे तर त्याहूनही आधी. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत विनामूल्य होते.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. ही योजना भरती झालेल्या रुग्णासाठी, ठरलेल्या यादीतील उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची रक्त तपासणी, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्याचे जेवण यांतले काहीही तीत बसत नाही. गोळ्या शासकीय केंद्रातून मिळतात. पुरवठा खंडित झाला की बाहेरून घ्याव्या लागतात. सिकलसेलच्या रुग्णाचे आरोग्य या बारीक खर्चांवरच टिकून असते. पाच लाखांचे संरक्षण आहे, पण महिन्याच्या गोळ्या नाहीत म्हणून ते वापरण्याची वेळ यावी, हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला तोट्याचाच वाटेल. आमचे देणगीदार विचारतात, की शासनाची योजना असताना तुम्हांला आमच्या देणगीची गरज काय? त्यांना आमचे उत्तर हेच आहे.

दिव्यांगत्वाचा दाखला व नोकरीचे दार

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे तिन्ही रक्तविकार आहेत. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणाचा लाभ मिळतो. आमच्या परिचयाची काही मुले यामुळे महाविद्यालयात गेली, याचे समाधान आहे.

परंतु पुढची पायरी पालकांना आधी ठाऊक असावी. शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षण त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात आहे आणि त्या कलमातील यादीत रक्तविकारांचा समावेश नाही. अंधत्व, बहिरेपण, अस्थिव्यंग, स्वमग्नता, बौद्धिक व मानसिक अक्षमता यांचा आहे. म्हणजे एकच प्रमाणपत्र घेऊन मुलगा महाविद्यालयाच्या दारातून आत जातो आणि नोकरीच्या दारात थांबतो. ही विसंगती दूर व्हावी, यासाठी रुग्णांच्या संघटना प्रयत्नशील आहेत. या संदर्भात नागपूरचे संपत रामटेके यांचे स्मरण होते. सिकलसेल रुग्णांसाठी केलेल्या कार्याबद्दल त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रुग्णांनी व पालकांनी संघटित होऊन मागितल्याखेरीज या आजाराच्या पदरात फारसे काही पडलेले नाही, हा आमचाही अनुभव.

खुब्याच्या सांध्याचे नुकसान झालेल्या रुग्णाने मात्र अस्थिव्यंगाचीही तपासणी करून घ्यावी. एकाच व्यक्तीत दोन प्रकारचे दिव्यांगत्व असू शकते व तसे प्रमाणपत्रात नमूद होऊ शकते. लहानपणी मिळालेले प्रमाणपत्र मुदतीचे असल्यास ती मुदत संपण्यापूर्वी जिल्हा सामान्य रुग्णालयात पुनर्तपासणीची तारीख घ्यावी.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत सिकलसेलग्रस्तांचा समावेश आहे. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी हे अनुदान २०२५ मध्ये दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा. उत्पन्नाची मर्यादा फार खालची असल्याने उत्पन्नाचा दाखला ताजा हवा. येथेही अठरावे वर्ष आड येते. अज्ञानाचे बँक खाते पालकाच्या सहीने चालते. मूल सज्ञान झाले की पालकाची सही बाद होते आणि स्वतःच्या सहीने, नव्या कागदपत्रांनिशी ते खाते सुरू करून घेईपर्यंत त्यातले पैसे निघत नाहीत. शिष्यवृत्ती वा अनुदान अचानक थांबले, असे जेव्हा पालक सांगतात तेव्हा पुष्कळदा कारण एवढेच असते.

निरामय या आरोग्य विम्याविषयीही विचारणा होते. ही योजना राष्ट्रीय न्यासाची असून स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठीच आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी त्यासाठी शुल्क भरून एजंटाकडे जाऊ नये.

ज्यांचे आईवडील नोकरीत आहेत त्यांचे नियम निराळे. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, कमावता होईपर्यंत किंवा विवाह होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर अवलंबित मानला जातो. मुलगा दिव्यांग व अवलंबित असल्यास वयाची मर्यादा नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत शिकणाऱ्या मुलाला २१ वर्षांपर्यंत लाभ मिळतो, आणि शारीरिक दुर्बलतेमुळे जो सर्वस्वी आईवडिलांवर अवलंबून आहे त्याला ती दुर्बलता असेतो. जिल्ह्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, वरठीचा पोलाद कारखाना आहे, तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत. तेथील कामगार बंधूंनी आपापल्या आस्थापनेचा नियम मूल सोळा वर्षांचे असतानाच लेखी विचारून घ्यावा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेळेवर सादर केले तर पुढे तेच उपयोगी पडते.

मुलाला स्वतःला नोकरी लागली तर कर्मचारी राज्य विमा ही आमच्या मते सर्वांत भक्कम सोय. वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये, दिव्यांग कामगारासाठी २५,००० रुपये. आजार जुना आहे की नवा, हे तेथे विचारत नाहीत. प्राथमिक उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात. आजारपणाच्या रजेचा भत्ता व अतिविशेष उपचार यांसाठी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. पुण्याला वा नागपूरला कंत्राटदाराकडे लागणाऱ्या आपल्या मुलांना विमा क्रमांक मिळालाच नाही, हे भरतीच्या दिवशी कळते. पहिल्या पगाराच्या पावतीवर वर्गणीची कपात दिसते की नाही, एवढे मुलाने पाहावे.

परदेशातील अनुभव थोडक्यात. अमेरिकेतील डॅलस येथे जन्मतः निदान झालेल्या ९४० सिकलसेलग्रस्त मुलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील तीव्र प्रकारचा आजार असलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के मुले अठरा वर्षांपर्यंत जगतील, असे त्यात दिसले. परंतु अलीकडच्या काळातील बहुतेक मृत्यू अठरानंतरचे होते आणि त्यांतील अनेक बालरुग्णालयातून प्रौढांच्या रुग्णालयात गेल्यावर थोड्याच अवधीत झालेले होते. त्याच वर्षी त्या देशाने मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू देण्याचा कायदा केला. इतक्या संपन्न देशातही मुले याच उंबरठ्यावर हरवतात, हे वाचून आम्ही आमच्या खिडकीकडे नव्या नजरेने पाहू लागलो.

सोळाव्या वर्षाची वही

आमच्याकडे पूर्वी मूल बालरोग विभागातून मेडिसिन विभागात गेले की त्याला नवा नोंदणी क्रमांक मिळत असे व जुनी फाइल अभिलेख कक्षात जाई. परिणामी किती वेळा रक्त चढविले, कोणत्या औषधाची ॲलर्जी, मागील सोनोग्राफीत काय आले, हे सारे रुग्णाच्या आठवणीवर. तो मुलगा परत आला तेव्हा त्याची सात वर्षांची फाइल शोधायला आम्हांला दोन दिवस लागले. त्यानंतर नोंदणी क्रमांक आयुष्यभर एकच ठेवण्याचा निर्णय झाला. निर्णय कागदावर एका ओळीचा, अंमलबजावणीस मात्र बराच काळ लागला, कारण जुन्या नोंदवह्या हाताने जुळवाव्या लागल्या.

आता मूल सोळा वर्षांचे झाले की त्याला एक साधी दोनशे पानी वही दिली जाते. पहिल्या पानावर आजाराचे नाव, रक्तगट, औषधे व मात्रा डॉक्टर स्वतः लिहितात. दुसऱ्या पानावर कागदपत्रे : आधारचे ठसे दिले का, शिधापत्रिकेवरील नाव जुळते का, आयुष्मान कार्ड निघाले का, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत कधी, बँकेचे खाते कोणाच्या सहीचे. आमचे आरोग्यमित्र व समाजसेविका ते पान मुलासमोर भरतात. मुलासमोर, हे महत्त्वाचे. आरंभी आईवडीलच सर्व उत्तरे देत व मूल खाली मान घालून बसे. आता आम्ही पालकांना थोडा वेळ बाहेर चहा घेण्यास सांगतो. सोळा वर्षांच्या मुलाला आपल्या गोळीचे नाव ठाऊक नसते, हे पाहून आम्हांलाच संकोच वाटला. दहा वर्षे ती आम्हीच देत होतो. सतराव्या वर्षी एकदा बालरोगतज्ज्ञ व मेडिसिनचे डॉक्टर दोघे मिळून त्याला तपासतात, म्हणजे पुढची खोली व पुढचा चेहरा त्याच्या ओळखीचा होतो.

सगळेच जमते असे नाही. समाजसेविका एक, तालुके सात. वही हरवते, भिजते, धानाच्या रोवणीत आणि कापणीत तारखा चुकतात. थॅलेसेमिया, बालमधुमेह, अपस्मार व हृदयाच्या झडपांचे विकार असलेल्या मुलांनाही हीच वही द्यावी, असा आमचा मानस आहे. त्यासाठी आणखी एका पदाची तरतूद अंदाजपत्रकात सुचविली आहे. भंडारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले असल्याने विशेष तपासण्यांसाठी नागपूरच्या खेपा काळाच्या ओघात कमी होतील, अशी आशा आहे.

निधीविषयी विश्वस्तांच्या माहितीसाठी दोन शब्द. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव आहेत, आणि इतर रुग्णांच्या देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असलेल्यांना निर्धन व ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंत असलेल्यांना दुर्बल घटक मानतात. अठरा ते पंचवीस वयोगटातील जे रुग्ण कागदपत्रांच्या कारणाने कोणत्याही योजनेत बसत नाहीत, त्यांचा खर्च या निधीतून प्राधान्याने करावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. गोळ्या, तपासण्या व प्रवास हे त्या निधीत बसत नाहीत; ते देणगीदारांच्या देणगीतूनच होतात.

लेखाच्या आरंभी ज्या मुलाविषयी लिहिले, त्याचे आयुष्मान कार्ड आता निघाले आहे. औषध नियमित चालू आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला नागपूरला पाठविले असून तेथील तारीख मिळायची आहे. रक्तविकाराबरोबर अस्थिव्यंगाचीही नोंद व्हावी म्हणून केलेला त्याचा अर्ज विचाराधीन आहे. दर महिन्याला तो येतो तेव्हा वही आणतो. मागील वेळी दुसरे पान त्याने स्वतःच भरून आणले होते.